वीज आली, मग पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं की घरात नुसतं कनेक्शन आलं म्हणून गरिबी हटत नाही. त्यावर भरपूर प्रश्न आलेत. काहींना ते अजिबात आवडलेलं नाही, काहींनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत, आणि या वेळचा सगळा कॉलम विजेवरच आहे.

प्रश्न : ताई, मी अर्थशास्त्र शिकतेय. आमच्या सरांनी एक आलेख दाखवला, एका बाजूला देशाचा दरडोई वीजवापर, दुसऱ्या बाजूला दरडोई उत्पन्न, आणि जवळजवळ सगळे ठिपके एका तिरप्या रेषेत. मग वीज दिली की उत्पन्न वाढतं असं सरळ म्हणता येईल ना?

आलेख खराच आहे. भरपूर उत्पन्न आणि अगदी नगण्य वीजवापर असा एकही देश जगात सापडत नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला १२ हजार युनिटच्या पुढे वीज लागते आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, दक्षिण आफ्रिका हा एक देश वगळला तर, जेमतेम २०० युनिटच्या आसपास. पण त्याच आलेखात आइसलँड बघ, तिथे माणशी ५० हजार युनिटच्या आसपास आकडा जातो, तो काही तिथली माणसं घरात इतके दिवे लावतात म्हणून नाही, ॲल्युमिनियम गाळणारे कारखाने तिथली बहुतेक वीज खातात म्हणून. म्हणजे दरडोई आकड्यामागे घर किती आणि कारखाना किती हे आधी विचारायचं.

खरी अडचण दिशेची आहे. पैसा आला की लोक फ्रीज, एसी, मशिनं घेतात, म्हणजे उत्पन्नामुळेही वीजवापर वाढतो. शिवाय लाइन टाकणारे लोक आधी कुठे जातात? जिथे आधीच रस्ता आहे, बाजार आहे, पुढे वाढ होईल असं दिसतंय तिथे. मग दहा वर्षांनी तिथे भरभराट दिसली तर ती विजेमुळे का मुळात ती जागाच तशी होती, हे कसं सांगणार?

म्हणून संशोधक असं काहीतरी शोधतात ज्यामुळे लाइन कुठे आधी गेली हे ठरलं, पण ज्याचा एरवी कमाईशी थेट संबंध नाही. टेरिन डिंकलमन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल भागात जमिनीचा चढउतार वापरला. उतार जास्त असेल तर खांब आणि तारा टाकायचा खर्च वाढतो, म्हणून अशी गावं मागे पडली आणि सपाट गावांना आधी वीज मिळाली. २०११ साली छापलेला हा अभ्यास सांगतो की वीज आल्यावर पाच वर्षांत कामावर असलेल्या बायकांचं प्रमाण ९ ते साडेनऊ टक्के-अंकांनी वाढलं, म्हणजे दर शंभर बायकांमागे नऊ-साडेनऊ जणी जास्त. पुरुषांमध्ये एवढा ठळक फरक दिसला नाही. ब्राझीलमध्ये मॉली लिप्सकॉम, मुश्फिक मोबारक आणि तानिया बारहम यांनी नद्यांचा प्रवाह आणि उतार बघून धरण कुठे स्वस्तात बांधता आलं असतं याचा हिशेब मांडला आणि १९६० ते २००० अशी चाळीस वर्षं तपासली, तिथे घरांच्या किमती आणि मानवी विकास निर्देशांक (शिक्षण, आयुर्मान आणि उत्पन्न मिळून काढलेला आकडा) दोन्हीवर मोठा चांगला परिणाम निघाला.

तर परीक्षेत असं लिही की संबंध दोन्ही दिशांनी आहे, पण विजेकडून उत्पन्नाकडे जाणारी बाजू खरी आहे आणि ती सिद्ध करायच्या पद्धती आहेत. किती परिणाम होतो, किती वर्षांत आणि कोणावर, हे मात्र जागेप्रमाणे खूप बदलतं, पुढचा प्रश्न त्यावरच आहे.

प्रश्न : केनियामध्ये लोकांना वीज जोडून दिली आणि काहीही फरक पडला नाही असं मी वाचलं. खरं असेल तर हा सगळा खर्च वाया गेला म्हणायचा का? सरकारं एवढा पैसा का ओततात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अभ्यास खरा आहे. केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरीन वुल्फ्रम यांनी पश्चिम केनियातल्या १५० वस्त्या घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं की कोणाला कनेक्शन फुकट, कोणाला सवलतीत आणि कोणाला पूर्ण पैसे भरून. फुकट दिलं तिथे जवळपास सगळ्यांनी घेतलं आणि पूर्ण दरात अगदी मोजक्यांनी. मग काही काळाने दोन्हीकडच्या घरांची तुलना केली तर कमाई, मालमत्ता, तब्येत, पोरांच्या परीक्षेचे मार्क, कशातच म्हणण्यासारखा फरक नव्हता. निष्कर्ष २०२० साली छापून आले आणि तेव्हापासून "वीज देऊन काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांना एक हत्यारच मिळालं.

पण त्या घरांनी वीज वापरली कशाला ते बघा ना. दोन-तीन दिवे, मोबाइल चार्जिंग, रेडिओ, कुठे टीव्ही. वापरच इतका थोडा की त्यातून कमाई कुठून येणार? शिलाई मशीनला मोटर बसवायची तर मोटर विकत घ्यायला पैसे हवेत, ते कर्जाने मिळायला हवेत, शिवलेले कपडे घेणारं गिऱ्हाईक हवं, आणि ते जिथे राहतं तिथपर्यंत जायला रस्ता हवा. यातलं एकही नसलं की वीज दिव्यावरच थांबते. वर तिथे ट्रान्सफॉर्मर जळाला की काही वस्त्या महिनोन्महिने अंधारात राहायच्या, म्हणजे कागदावर वीज आहे आणि तारेत नाही. अशा विजेच्या भरवशावर कोण धंदा टाकेल?

शिवाय हा अभ्यास एकेका घराचा आहे आणि काळ थोडाच, दीड ते अडीच-तीन वर्षांचा. ब्राझीलवाल्यांनी चाळीस वर्षं बघितली आणि घर न बघता अख्खा प्रदेश बघितला. एखाद्या भागात वीज आल्यामुळे कारखाना आला आणि त्यात शेजारच्या गावातल्या, घरात वीज नसलेल्या माणसालाही नोकरी लागली, तर घराघराची तुलना करून तो फायदा दिसणारच नाही. विजेचा आर्थिक फायदा बराचसा घराबाहेर होतो असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय, आणि आपण मात्र कायम घरंच मोजत बसलोय.

भारतातला एक अभ्यास यात फार उपयोगी आहे. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू झाली, त्यात सुरुवातीला ३०० लोकवस्तीची अट होती, म्हणजे ३०० च्या जरा वरची गावं आत आणि जरा खालची बाहेर. फियोना बर्लिग आणि लुईस प्रिओनास यांनी याच रेषेच्या दोन्ही बाजूंची गावं तुलनेला घेतली, तर एवढ्या छोट्या गावांत आर्थिक फायदा जवळजवळ शून्य. पण तेच साधारण दोन हजार वस्तीच्या गावांत बघितलं तर फायदा चांगला दिसतो. वीज तीच, योजना तीच. फरक असा की मोठ्या गावात गिऱ्हाईक आहे, दुकानं आहेत, माल ने-आण करणारी गाडी येते, वेल्डिंगचं किंवा पिठाच्या गिरणीचं मशीन दिवसभर चालेल इतकं काम आहे.

तर पैसे वाया गेले का? माझ्या मते नाही, पण आश्वासन चुकीचं दिलं गेलं. रॉकेलच्या धुरात न बसता मुलांना अभ्यास करता येणं, रात्री बाळंतपण उजेडात होणं, फोन चार्ज करायला दुसऱ्या गावी जायला न लागणं, हे माणसाला मिळायलाच हवं आणि त्यासाठी कमाई वाढल्याचा पुरावा मागणं मला बरोबर वाटत नाही. पिण्याच्या पाण्याकडे आपण असा पुरावा मागत नाही. पण त्याच वेळी "खांब गेला की दोन वर्षांत गाव श्रीमंत" असं सांगून निधी मिळवायचा आणि मग तसं झालं नाही की पुढचा निधी आटतो, नुकसान त्याच गरीब वस्त्यांचं होतं. वीज हक्क म्हणून द्यायची असेल तर तसं स्पष्ट सांगून द्या, आणि कमाईसाठी द्यायची असेल तर मशीन, कर्ज, रस्ता आणि दिवसा खात्रीचा सप्लाय हे सगळं एकत्र द्या.

प्रश्न : मग किती वर्षं थांबायचं? श्रीमंत देशांमध्ये वीज आल्या आल्या उद्योग वाढले असतील ना?

नाही, तिथेही खूप वेळ गेला, आणि का गेला हे फार शिकण्यासारखं आहे.

एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं. पण १८९९-१९०० पर्यंत अमेरिकन कारखान्यांतल्या यांत्रिक ताकदीचा फक्त ५ टक्क्यांच्या आसपास भाग विजेच्या मोटरवर होता. तो पाऊण हिस्सा व्हायला १९२९ उजाडलं. मधली वर्षं काय चाललं होतं? आधी कारखान्यात एकच मोठं वाफेचं इंजिन असायचं, छताला लांबच लांब दांडा, आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक मशीनला. सगळी मशिनं त्या दांड्याच्या आधाराने मांडायची, मग कामाचा क्रम काही का असेना. वीज आल्यावर मालकांनी आधी केलं काय, तर वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर लावली आणि दांडा-पट्टे तसेच ठेवले. थोडं इंधन वाचलं, बाकी कारखाना जुनाच. खरा फायदा तेव्हा झाला जेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःची छोटी मोटर बसली, मग मशिनं कामाच्या क्रमाने लावता आली, इमारत एकमजली आणि हलकी चालली, एक मशीन बिघडलं तर बाकी थांबेना, आणि वर जागा मोकळी झाल्याने उजेडही आला. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये हे उदाहरण मांडलं ते कॉम्प्युटरचा फायदा उत्पादकतेच्या आकड्यांत का दिसत नाही हे समजावायला, पण विजेबद्दलच ते जास्त सांगून जातं. नवी ताकद जुन्या मांडणीत बसवली की थोडंच मिळतं, सगळी मांडणी बदलायला एक पिढी जाते.

आज वीज नव्याने पोचतेय तिथे इतका वेळ लागायचं कारण नाही, कारण मोटरवाली मशिनं तयार मिळतात, कोणाला शोध लावायचा नाहीये. तरी शिकायला, पैसे जमवायला, धंदा बसायला वर्षं जातातच.

खेड्यांचं बघायचं तर अमेरिकेतच १९३०च्या दशकाच्या मध्यात दहातल्या साधारण एकाच शेतघराला वीज होती. खाजगी कंपन्या म्हणायच्या घरं लांब लांब आहेत, परवडत नाही. १९३५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळी यंत्रणा काढली, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना स्वस्त कर्ज दिलं आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहातल्या नऊपेक्षा जास्त शेतघरांना वीज पोचली. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कर्ज फक्त तारांसाठी नव्हतं, घरातलं वायरिंग आणि उपकरणं घ्यायलाही होतं, आणि गावोगावी तंबू ठोकून पंप, धान्य दळायचं मशीन, विजेची शेगडी कशी वापरायची ते लोकांसमोर चालवून दाखवायचे. वापर कसा वाढेल याची काळजी पहिल्यापासून घेतली, नंतर बघू म्हटलं नाही.

प्रश्न : माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, सहा कामगार. दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते, कधी वीस मिनिटं कधी दोन तास, व्होल्टेजही वरखाली. मोठ्या कंपन्यांचं निभावतं, आमचं का निभावत नाही? अभ्यासांमध्ये आमच्यासारख्यांचा विचार होतो का?

होतो दादा, आणि तुम्ही म्हणताय तेच त्यात निघतं. हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या कारखान्यांवर वीजटंचाईचा परिणाम तपासला, २०१६ मध्ये छापलं. टंचाईमुळे सरासरी कारखान्याची विक्री ५ ते १० टक्क्यांनी कमी होते. मोठ्यांकडे जनरेटर असतो, त्यांचं उत्पादन चालू राहतं, खर्च तेवढा वाढतो. छोट्याला जनरेटर परवडत नाही, कारण छोट्या जनरेटरवर एका युनिटमागे पडणारा खर्च मोठ्यापेक्षा बराच जास्त असतो. म्हणजे वीज गेली की दोघांचीही जाते पण पाठीवर ओझं छोट्याच्या जास्त पडतं, आणि हळूहळू बाजार मोठ्यांकडे सरकतो. चीनमध्ये तर टंचाईच्या काळात कारखाने स्वतः बनवायचे भाग बाहेरून तयार घ्यायला लागले असं दिसलं, तोही मार्ग ज्याच्या हातात भांडवल आहे त्यालाच.

यात मला जास्त काळजी वाटते ती आकड्यात न येणाऱ्या नुकसानीची. विक्री इतके टक्के घटली हे चालू असलेल्या कारखान्याचं मोजता येतं. पण जो माणूस कोल्ड स्टोरेज टाकणार होता आणि सप्लायचा भरवसा नाही म्हणून टाकलंच नाही, त्याचं नुकसान कुठे मोजणार? दक्षिण आफ्रिकेत २०२३ हे लोडशेडिंगचं सगळ्यात वाईट वर्ष गेलं, देशात वीज बहुतेकांच्या घरी आहे, तारा आहेत, केंद्रं आहेत, तरी अर्थव्यवस्था अडकून पडली. वीज "असणं" आणि हवी तेव्हा मिळणं यात एवढं अंतर आहे.

तुमच्यापुरतं करण्यासारखं सांगते. महिनाभर लाइट कधी गेली, कधी आली, व्होल्टेज किती होतं हे वहीत तारीख-वेळेसकट लिहा, तोंडी तक्रारीपेक्षा अशा नोंदीला कोणीही सहज झटकू शकत नाही. आजूबाजूच्या युनिटवाल्यांनी मिळून उद्योगासाठी वेगळ्या फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या स्वतंत्र लाइनची, मागणी लेखी करा, एकट्याने करू नका. मंजूर लोड खरंच तुमच्या मशिनांना पुरेसा आहे का तेही तपासून घ्या, मशिनं वाढत जातात आणि लोड जुनाच राहतो. व्होल्टेज वरखाली होत असेल तर मोटर जळायच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ लावा, वाइंडिंग परत भरून घेण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. आणि एक मागणी मुद्दाम करा, बंद ठेवायचीच असेल तर वेळ आधी सांगा. ठरलेल्या वेळी दोन तास गेली तर शिफ्ट हलवता येते. अचानक वीस मिनिटं गेली तर वेल्डिंग अर्ध्यात थांबतं आणि सहा माणसं पगारी बसून राहतात.

प्रश्न : छतावर सोलर पॅनल लावून प्रत्येक घर स्वयंपूर्ण झालं की ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजतारांच्या जाळ्याची, गरजच काय?

दिवा, फोन, पंखा, टीव्ही यासाठी सोलर उत्तमच. बांगलादेशात २००३ पासून पुढच्या पंधरा वर्षांत ४० लाखांहून जास्त घरांत हप्त्यावर सोलर सिस्टिम बसल्या, जगातला हा सगळ्यात मोठ्या कार्यक्रमांपैकी एक. रॉकेल गेलं, उजेड आला. पण जशी ग्रिड पोचली तसे लोक ग्रिडकडे वळले, त्यांना दिव्यापेक्षा जास्त हवं होतं.

आकडे लावून बघा. वर्ल्ड बँकेच्या मोजमापात वीज मिळण्याच्या शून्य ते पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला दिवसाला चार तास आणि किमान ३ वॉट पुरतात, पाचव्या पायरीला किमान २३ तास आणि २००० वॉट लागतात. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ७४६ वॉट, आणि सुरू होताना ती क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. छोट्या घरगुती सिस्टिमवर ती हलणारही नाही. अर्थात सोलर म्हणजे फक्त छोटी घरगुती सिस्टिम असं नाही, सोलर पंप आहेत, गावापुरती मिनीग्रिड असते, मोठे सोलर प्रकल्प तर ग्रिडलाच वीज देतात. मला सोलरबद्दल आक्षेप नाही. आक्षेप आहे तो गरिबाला एक दिवा देऊन "यांचं झालं" म्हणून यादीत टिकमार्क करण्याला.

प्रश्न : "१०० टक्के विद्युतीकरण" म्हणजे नक्की काय धरतात?

जो तो आपली व्याख्या लावतो. भारतात २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लायसांग गावाबरोबर सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं, पण त्या व्याख्येत शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागा आणि किमान १० टक्के घरं एवढं असलं की गाव विद्युतीकृत. घराघरांत जोडणीसाठी सौभाग्य योजना वेगळी होती, २०१७ ची. म्हणून बातमी वाचताना गाव मोजलंय का घर, आणि तास किती, एवढं बघायचं. एनर्जी फॉर ग्रोथ हब या संस्थेने सुचवलेलं माप मला जास्त प्रामाणिक वाटतं : माणशी वर्षाला किमान १००० युनिट, त्यातले ३०० घरात आणि ७०० घराबाहेर, म्हणजे दुकान, कारखाना, शेत, दवाखाना. त्या ७०० वर नजर ठेवा, रोजगार तिथे आहे.

प्रश्न : गरिबांना वीज फुकटच द्यायला हवी असं मला वाटतं. तुमचं मत?

जोडणी जवळजवळ फुकट द्या, हे मी ठामपणे म्हणेन, कारण सुरुवातीची मोठी रक्कम हीच गरिबाची खरी अडचण असते, केनियातही तेच दिसलं. पहिले थोडे युनिट अगदी स्वस्त ठेवा. पण मोजल्याशिवाय आणि कितीही, असं फुकट नको. रॉबिन बर्जेस, मायकेल ग्रीनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्र चांगलं मांडलंय : बिल वसूल होत नाही, वितरण कंपनी तोट्यात जाते, प्रत्येक युनिट विकताना नुकसान होतं म्हणून ती वीज कमी तास देते, तास कमी म्हणून लोक म्हणतात कशाला भरायचं बिल. यात सगळ्यात जास्त कोण भरडतं, तर ज्याला इन्व्हर्टर परवडत नाही तो. वर्ल्ड बँकेने २०१६ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या ३९ देशांच्या वीज क्षेत्राचा हिशेब तपासला तेव्हा पूर्ण खर्च भरून निघतोय असे फक्त दोन देश निघाले, सेशेल्स आणि युगांडा. बाकीकडे नवी लाइन टाकायला, जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलायला पैसा येणार कुठून? घरांची सूट उद्योगांकडून जादा दर घेऊन भरायची हा उपायही फार ताणला की उद्योग स्वतःची वीज तयार करायला लागतात आणि कंपनीचं चांगलं गिऱ्हाईकच जातं. सूट द्यायची ती सरकारने बजेटमधून द्यावी, उघड द्यावी आणि वेळेवर कंपनीला भरावी.

प्रश्न : वीज आल्याने बायकांचं काम कमी होतं का खरंच? का फक्त दिवस लांबतो?

दोन्ही होतं, आणि तुमचा दुसरा भाग फारसा कोणी विचारत नाही म्हणून छान वाटलं. दक्षिण आफ्रिकेत बायका नोकरीकडे वळल्या त्याचं एक मोठं कारण तिथे स्वयंपाक लाकडावरून विजेच्या शेगडीवर गेला, सरपण गोळा करायचे तास वाचले. जिथे वीज फक्त दिव्यापुरती येते तिथे हे तास वाचत नाहीत. जगात साधारण ६५ ते ७५ कोटी लोक अजून विजेशिवाय आहेत, पण चूल-धुरावर स्वयंपाक करणारे दोनशे कोटींच्या वर आहेत, म्हणजे वीज असूनही चुलीपाशीच असलेली घरं प्रचंड आहेत. घरातल्या धुरामुळे वर्षाला ३२ लाखांच्या आसपास मृत्यू होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. स्वयंपाक विजेवर किंवा गॅसवर आला नाही तर दिव्याने संध्याकाळ लांबते आणि त्या लांबलेल्या संध्याकाळी तीच बाई अजून काम करत बसते. पाण्याचा पंप, दळण, शेगडी, या तीन गोष्टी घरापर्यंत आल्या की मग वेळ सुटतो.

प्रश्न : मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. सगळे उत्पन्न-उत्पन्न करतात, आमच्याकडे रात्री टॉर्चवर टाके घातलेत. सोलर बसवलं होतं, दोन-तीन वर्षांत बंद पडलं. याचा विकासाशी संबंध नाही का?

आहे हो, फार जवळचा आहे. आजारी माणूस कामावर जात नाही आणि बाळंतपणात आई गेली तर त्या घराची घडी पिढीभर बसत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि सोबतच्या संस्थांच्या २०२३ च्या अहवालात, गरीब आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले जवळपास १०० कोटी लोक वीज नसलेल्या किंवा भरवशाची वीज नसलेल्या आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत असं म्हटलंय. बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, निर्जंतुकीकरणाचं मशीन दिव्यापेक्षा कितीतरी जास्त वीज घेतं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मध्येच बंद पडून चालत नाही.

तुमचं सोलर बंद पडलं ते बहुधा पॅनलमुळे नसेल. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, बॅटरी मात्र काही वर्षांतच बदलावी लागते, आणि बसवताना पैसे मिळतात पण बदलायला कोणाच्याच बजेटमध्ये ओळ नसते. मेडिकल ऑफिसरना सांगून तीन गोष्टी लेखी मागा : बॅटरी तपासायला टेक्निशियन आणि त्याचा अहवाल, दरवर्षीच्या खर्चात बॅटरी आणि देखभालीची वेगळी रक्कम, आणि लसीचा फ्रीज बाकी दिवे-पंख्यांपासून वेगळ्या सर्किटवर, म्हणजे कोणी त्याच बॅटरीवर मोबाइल आणि टीव्ही लावला तरी फ्रीज बंद पडणार नाही. बसवणाऱ्याशी वॉरंटीचा कागद झाला असेल तर तो आधी शोधा, बॅटरीची मुदत अजून संपली नसेल अशी शक्यता आहे.